‘येथे राजकीय चर्चा करू नये’

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आमच्या वस्तीतील एका छोट्या परमिट रूमच्या गल्ल्यामागे गेल्या महिन्यात एक पाटी लागली : ‘येथे राजकीय चर्चा करू नये. हुकमावरून.’ केशकर्तनालयांत आणि चहाच्या हॉटेलांत अशा पाट्या वाचतच आमची पिढी मोठी झाली, त्यामुळे एरवी मी तिच्याकडे लक्ष दिले नसते. परंतु ज्या भिंतीवर ती लागली आहे, त्याच भिंतीपाशी त्याआधी सहा महिने, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी, दीड तास राजकीय चर्चा आणि त्यानंतर दीड तास गाणेबजावणे होत असे आणि त्यांपैकी पाच बैठकांना मी स्वतः हजर होते. हुकूम कोणाचा, असे मालकाला विचारले तेव्हा त्याने नुसते वर बोट केले. ते बोट नेमके कोणाकडे आहे, हे विचारण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

प्रथम माझी बाजू उघड करते. मी नागरिकशास्त्र आणि इतिहास शिकवून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि मद्य घेत नाही. ही परमिट रूम सुरू होणार असे कळले तेव्हा आमच्या सोसायटीने दिलेल्या हरकतीच्या पत्रावर पहिली सही माझी होती. रहिवासी इमारतींच्या मधोमध दारूची जागा नको हे माझे मत तेव्हा होते आणि आजही ते पुरते बदललेले नाही. परवाना मिळाला, जागा सुरू झाली आणि मी वर्षभर त्या बाजूचा पदपथ टाळून चालले. पुढे एका सोमवारी शेजारच्या बाईंचा मुलगा तेथे गिटार वाजवणार होता, म्हणून त्यांनी मला जवळजवळ ओढूनच नेले. पोटमाळ्यावरच्या ‘फॅमिली सेक्शन’मध्ये लिंबू सरबत समोर ठेवून, ओळखीचे कोणी पाहत तर नाही ना अशा धास्तीत मी बसले होते. ओळखीचे पुष्कळ होते. त्यांत माझे तीन जुने विद्यार्थीही होते आणि माझ्यापेक्षा तेच अधिक अवघडले होते.

मालकाने हा उपक्रम समाजसेवा म्हणून सुरू केला असे मी म्हणणार नाही. तो स्वतःही तसे म्हणत नाही. सोमवारी अनेकांचा उपास असतो आणि श्रावणात तर महिनाभर खुर्च्या रिकाम्या राहतात. त्यात २०२३ मध्ये परमिट रूममधील मद्यावरचा मूल्यवर्धित कर ५ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, शिवाय २०२५ मध्ये परवाना शुल्क आणि उत्पादन शुल्कही वाढले. त्याच्या निषेधार्थ राज्यभरातील बार-परमिट रूमनी १४ जुलै २०२५ रोजी एक दिवस बंद पाळला. तो दिवसही योगायोगाने सोमवारच होता. रिकामा सोमवार भरावा, लोकांनी निदान बटाटेवडे आणि कांदाभजी तरी मागवावी, एवढाच त्याचा हिशेब होता. मात्र त्याने घातलेले नियम मी कोणत्याही वक्तृत्व मंडळात पाहिलेले नाहीत. सात ते साडेआठ काउंटर बंद. त्या वेळात फक्त खाणे, चहा आणि सरबत. एका विषयावर दोन बाजूंचे दोन वक्ते, प्रत्येकी दहा मिनिटे, नंतर बसलेल्यांचे प्रश्न. वेळ संपली की ‘ऑर्डर तयार’ म्हणून स्वयंपाकघरातून वाजवायची पितळी घंटा वाजायची आणि तिच्यापुढे माजी नगरसेवकांचेही काही चालत नसे. पक्षाचे उपरणे, बिल्ला, झेंडा दाराबाहेर. आणि ज्याचे बिल त्याने भरायचे. वक्त्यालाही चहा फुकट नाही.

ही शेवटची अट मला सर्वांत शहाणपणाची वाटली. निवडणुकीत मतदाराला खाऊपिऊ घालून वश करणे हा आपल्या कायद्यात लाचखोरीचाच एक प्रकार मानला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो होता, आता भारतीय न्याय संहितेतही आहे. राजकारण आणि दारू यांचे नाते आपल्याकडे बदनाम आहे ते मुख्यतः दुसऱ्याच्या पैशाने भरलेल्या पेल्यामुळे. मालकाने तो पेलाच वगळला होता. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कार्यक्रम आपोआप थांबेल, असेही त्याने दुसऱ्याच बैठकीत जाहीर केले होते; तेव्हा कोरड्या दिवसांचे नियम त्याला आम्हा सर्वांपेक्षा जास्त पाठ होते यात नवल नाही.

चर्चा कशा होत, याचा एकच नमुना देते. विषय पाण्याचा होता. नवी मुंबईकडे मोरबे धरण आहे. ठाणे शहराकडे स्वतःच्या मालकीचे धरण नाही आणि आपली तहान स्टेम ही पाणीपुरवठा कंपनी, औद्योगिक विकास महामंडळ, मुंबई महापालिका आणि आपली स्वतःची पाणीयोजना अशा वेगवेगळ्या तोंडांनी भागते, हे मी वर्गात कित्येक वर्षे शिकवले आहे. परंतु घोडबंदर रस्त्याकडच्या सोसायट्यांना टँकर कसा मिळतो, भरण्याच्या जागी रांग कशी लागते, कोणाचा फोन आला की कोणाची पाळी पुढे सरकते, हे मला त्या रात्री कोपऱ्यातल्या टेबलावरून उठलेल्या एका टँकरचालकाने सांगितले. समोर बसलेल्या दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी माना खाली घातल्या. ठाण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि त्यानंतर बराच काळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. नवी मुंबईत तर मे २०२० पासूनच ती स्थिती होती. त्या काळात प्रभागातला प्रश्न माणसासमोर उभे राहून विचारायचा कोणाला, याचे उत्तर आमच्यापैकी अनेकांकडे नव्हते. विचारायची सवय मोडली होती. ती परत लागावी म्हणून एखादी जागा लागते आणि ती जागा परमिट रूम निघाली, ही माझ्यासारखीसाठी थोडी लाजेची गोष्ट आहे.

यावर माझ्या मैत्रिणींचे म्हणणे असे की, ठाण्यात चर्चेच्या जागांचा दुष्काळ नाही. ते खरे आहे. १८९३ मध्ये स्थापन झालेले मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, जानेवारीत रामभाऊ म्हाळगी व्याख्यानमाला असते, आचार्य अत्रे कट्टा आहे, ब्रह्मांड कट्टा आहे. ‘कट्टा’ या शब्दाला ठाण्याइतकी प्रतिष्ठा अन्यत्र क्वचितच मिळाली असेल. या सर्व ठिकाणी मी जाते आणि त्यामुळेच सांगू शकते की तेथे माझ्यासारखेच लोक येतात : निवृत्त, वर्तमानपत्र वाचणारे, संध्याकाळी मोकळे. त्या सोमवारी जे आले त्यांत वागळे इस्टेटमधील पाळी संपवून आलेले कामगार होते, संगणक कंपन्यांतली मुले होती, दोन रिक्षाचालक होते, मासळी बाजारातल्या एक बाई नियमित येत आणि सर्वांत अवघड प्रश्न त्याच विचारीत. यांपैकी कोणीही कधी व्याख्यानमालेच्या खुर्चीवर बसलेले नव्हते. कट्ट्यावर आपण वक्त्याला ऐकतो. येथे वक्त्याला ऐकून घ्यावे लागत होते.

आता गाण्याविषयी. ‘लाइव्ह म्युझिक’ हे दोन शब्द ठाणे-पनवेल पट्ट्यात निष्पाप राहिलेले नाहीत, हे मान्य केले पाहिजे. २००५ मध्ये राज्य सरकारने डान्स बारवर बंदी घातली, ती न्यायालयात टिकली नाही, २०१६ मध्ये नवा कायदा आला, त्यातील अनेक अटी जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केल्या. आणि या साऱ्या काळात ‘ऑर्केस्ट्रा बार’ या नावाखाली काय चालते याच्या बातम्या आपल्याच वृत्तपत्रांनी छापल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मंचावरील कलाकारांची आठ ही एकूण मर्यादा तशीच ठेवली, मात्र त्यांत चारच स्त्रिया आणि चारच पुरुष असावेत ही अट मोडीत काढली. हा सगळा इतिहास डोक्यात असलेल्या हवालदाराला परमिट रूममध्ये गाणे चालले आहे असे कळले, तर त्याच्या डोळ्यांसमोर काय उभे राहणार हे उघड आहे. प्रत्यक्षात तेथे एक पेटी, एक गिटार, एक कहोन (ज्यावर बसून हाताने वाजवतात तो लाकडी खोका) आणि एकच माइक असे. सुगम संगीत, गझला, आगरी-कोळी गाणी, क्वचित एखादे नाट्यपद. एकदा एका तरुणाने अभंग गाण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा मालकाने हात जोडून नकार दिला आणि सभागृहात त्यावरच वीस मिनिटे वाद झाला. देव दारूच्या वासाने विटतो काय, असे एकाने विचारले. देव विटत नसेल पण माझी आई विटेल, असे दुसरा म्हणाला. मला नकार योग्य वाटला. पण तो वाद व्हावा हेही मला योग्य वाटले.

गाणे आणि राजकारण एका छपराखाली आणणे ही बाहेरून आलेली फॅशन आहे, असा एक आक्षेप मी ऐकला. महाराष्ट्रात असा आक्षेप घेणाऱ्याने आपले बालपण कोठे काढले, हा प्रश्नच आहे. सत्यशोधकी जलसे, आंबेडकरी जलसे, गणेशोत्सवातले मेळे, ज्यांच्या पदांवर इंग्रज सरकार नजर ठेवून असे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अमर शेख, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांनी पेटवलेली मैदाने; ढोलकी आणि डफ बाजूला काढले तर आपल्या राजकीय इतिहासातला निम्मा आवाज जाईल.

पब ही कल्पना मात्र निःसंशय इंग्रजांची, आणि तिचे मूळ पाहण्यासारखे आहे. काही वर्षांपूर्वी मुलीकडे चार महिने राहिले ते गाव उत्तर इंग्लंडमधले, आपल्या शहापूरपेक्षाही लहान. तेथील पबच्या मागच्या खोलीत महिन्यातून एकदा राजकीय चर्चा होई आणि आठवड्यातून एकदा गावातली मंडळी व्हायोलिन, बासरी घेऊन माइकशिवाय वाजवीत बसत. पोलीस सोडाच, कोणी मान वर करून पाहत नसे. त्यामागे कायदाही आहे. २०१२ च्या ‘लाइव्ह म्युझिक’ कायद्याने तेथे मद्याचा परवाना असलेल्या जागेत सकाळी ८ ते रात्री ११ या वेळात, २०० श्रोत्यांपर्यंत, ध्वनिवर्धकावरील गाण्यालाही वेगळ्या परवान्याची गरज ठेवली नाही. २०१५ मध्ये ही संख्या ५०० केली. ध्वनिवर्धक नसेल तर संख्येची मर्यादाच नाही. शेजाऱ्यांची तक्रार आली आणि ती खरी निघाली, तर ही सवलत त्या जागेपुरती काढून घेता येते. पण हे सुख त्यांना आयते मिळालेले नाही. जानेवारी १७९२ मध्ये लंडनच्या स्ट्रँडजवळील ‘बेल’ नावाच्या गुत्त्यात थॉमस हार्डी या जोडे शिवणाऱ्या कारागिराने काही मित्रांसह सर्व पुरुषांना मताधिकार मागणारी मंडळी स्थापन केली, आठवड्याला एक पेनी वर्गणी ठेवून. चार वर्षांच्या आत तेथील सरकारने ५० पेक्षा अधिक लोकांच्या राजकीय सभांवर दंडाधिकाऱ्यांचा पहारा बसवणारा कायदा केला. म्हणजे हुकमावरून चर्चा बंद करण्याचे शास्त्रही त्यांचेच. त्यांच्याकडे त्या जागेला ‘पब्लिक हाउस’ म्हणतात, लोकांचे घर. आपण ‘परमिट रूम’ म्हणतो, परवानगीची खोली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून आलेले हे नाव आपल्या यंत्रणेच्या मनात अजूनही जसेच्या तसे आहे.

आमच्याकडे नेमके घडले ते असे. सहाव्या बैठकीनंतरच्या आठवड्यात दोन वेगवेगळ्या खात्यांची माणसे येऊन ‘करमणुकीचा परवाना दाखवा’ असे म्हणाली. पाठोपाठ एका पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा फोन आला : नसत्या भानगडीत कशाला पडता, धंदा सांभाळा. लेखी काहीच नाही. मालकाने अर्ज कोठे करायचा ते विचारले, तर एका कार्यालयाने दुसरीकडे आणि दुसऱ्याने पुन्हा पहिलीकडे पाठवले. तिसऱ्या खेपेला तो परत आला आणि त्याने पाटी रंगवायला दिली. त्याला भित्रा म्हणणे सोपे आहे. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथे एका विनोदी कलाकाराच्या राजकीय कार्यक्रमाची चित्रफीत प्रसारित झाली, तेव्हा तो कार्यक्रम जेथे झाला ती जागा फोडली गेली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचे पथक तेथे हातोडे घेऊन पोहोचले. बोलणारा एक, आणि भिंती पडल्या त्या जागा देणाऱ्याच्या. त्या वादाचे मूळ ठाण्याच्याच राजकारणात होते, त्यामुळे आमच्या मालकाला ती गोष्ट कोणी समजावून सांगावी लागली नाही.

निवृत्तीनंतर वेळ असतो, म्हणून मी कायदे वाचले. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ प्रमाणे सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. गाणे तिकीट लावून असो वा नसो, त्याला या नियमांची परवानगी लागते असे कोणी म्हटले तर ते मी समजू शकते, आणि मालकही शुल्क भरायला तयार आहे. इतरांच्या रचना गायल्या जातात म्हणून त्याने स्वामित्वहक्क संस्थेकडे चौकशीही केली होती. पण चर्चेला कोणता परवाना लागतो? वीस-पंचवीस माणसांनी टेबलाभोवती बसून शहराच्या पाण्यावर बोलणे ही करमणूक असेल, तर महापालिकेच्या सर्वसाधारण सभेलाही परवाना लावावा लागेल. कलम ३७ खालील, पाच किंवा अधिक माणसे जमण्यावरच्या मनाई आदेशांचा उल्लेख एका गृहस्थांनी केला. हे आदेश १५-१५ दिवसांसाठी इतक्या वेळा निघतात की आज तो लागू आहे की नाही हे सामान्य माणूस सांगू शकत नाही. आणि तसाच अर्थ लावायचा तर शनिवारी पाच मित्र एका टेबलाशी बसले तरी आदेशभंग होईल.

राहिला आवाज. येथे मी सर्वस्वी तक्रारदाराच्या बाजूची आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० मध्ये आले; त्यांत निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही पातळी आहे आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला, बंदिस्त सभागृहांसारखे अपवाद सोडता, मनाई आहे. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये या विषयावर सविस्तर निकाल दिला, तो आपल्या शहराने अभिमानाने सांगावा असा आहे. पण दिवाळी पहाटेला तलावपाळी आणि राम मारुती रस्त्यावर राजकीय पक्षांच्या मंचांवरून जो आवाज निघतो, तो ऐकून छातीवर हात ठेवणाऱ्या मासुंदा तलावाकाठच्या वृद्धांना विचारा की शहरात मोजमापाची जास्त गरज कोठे आहे. मी माझ्या खिडकीत उभी राहून सोमवारी कान देऊन ऐकले आहे. पेटीपेक्षा समोरच्या जिममधील गाणी मोठी होती.

तरीही रहिवाशांच्या शंका मी हसण्यावारी नेणार नाही. खारघरचे लोक आपला परिसर दारूमुक्त राहावा म्हणून वर्षानुवर्षे भांडत आहेत. ‘आडवी बाटली’च्या मतदानाने दुकाने बंद करणाऱ्या बायांबद्दल मला आदर आहे. २८-२९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलमधील गच्चीवरच्या पबला आग लागून १४ माणसे गेली, हे विसरून कोणत्याही छोट्या जागेत गर्दी जमवता येणार नाही. आमच्या परमिट रूमचा पोटमाळ्याचा जिना अरुंद आहे आणि मागचे दार बिअरच्या क्रेटनी अडलेले असते. मी हे मालकाला तोंडावर सांगितले होते आणि पुढच्या सोमवारी क्रेट हलवलेले होते. अग्निशमनाची तपासणी करा, माणसांची संख्या ठरवून द्या, दहाला माइक बंद झाला की नाही ते येऊन पाहा. हे सर्व लेखी करा, एका अर्जात, एका खिडकीवर, आणि त्यात गाणे व बोलणे यांची गल्लत करू नका. नकार द्यायचा असेल तर तोही सही-शिक्क्यानिशी द्या, म्हणजे त्याविरुद्ध दाद मागता येईल. फोनवरच्या सल्ल्याविरुद्ध अपील कोठे करायचे, हे मी तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवूनही मला ठाऊक नाही.

माहितीच्या अधिकाराखाली मी संबंधित दोन्ही कार्यालयांकडे दहा-दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज दिले आहेत : परमिट रूममध्ये राजकीय विषयावर चर्चा करण्यास मनाई करणारा आदेश कोणत्या तारखेचा, कोणत्या कलमाखाली आणि कोणाच्या सहीचा आहे, त्याची प्रत मिळावी. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आले तर एक प्रत आपल्याकडे पाठवीन आणि एक त्या पाटीखाली लावण्यासाठी मालकाला देईन. तोपर्यंत त्याची जागा ओळखू येऊ नये म्हणून माझे नाव छापू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकांकडे)